छातीवरची दोन अक्षरं

"कंपनीचे ताओ मास्तर तुम्हीच ना?" असं मागून कुणीतरी विचारलं आणि मी सवयीने "हो, बोला," म्हणत वळलो. सवय वाईटच. शनिवारी दुपारी मॉलमधल्या विजेच्या गाड्यांच्या शोरूममध्ये हा प्रश्न मला दहा वेळा ऐकावा लागतो आणि दहातल्या नऊ वेळा मी मान डोलावतो. विचारणारा घाईत असतो, त्याला सीट मागे कशी सरकते एवढंच हवं असतं. त्याला थांबवून, अहो मी कंपनीचा नोकर नव्हे, मी तुमच्यासारखाच पदरचे पैसे मोजून गाडी घेतलेला माणूस, सुटीच्या दिवशी हौसेने इथे उभा राहतो, असलं पुराण लावलं तर तो मलाच वेड्यात काढतो. वळून पाहिलं तर तिशीतला एक तरुण, बुटांना लाल माती, तोंड उन्हाने रापलेलं. छिंगमिंगच्या सुटीत थडगी झाडून शहरात परतणारी माणसं अशीच दिसतात. म्हणाला, मी हुओशानच्या बाओ काकूंचा पुतण्या, हू जुनफेंग. काकूंनी सांगितलंय, गाडी घ्यायची असली तर दुसऱ्या कुणाच्या नादी लागू नकोस, निळ्या जॅकेटवाल्या ताओ मास्तरांना गाठ, तो माणूस कधी खोटं बोलत नाही. माझ्या छातीत काहीतरी गोड गोड पसरलं. हे मी लपवणार नाही. शोरूममधल्या दोघातिघांनी हे ऐकलं असावं अशी आशा करत मी जरा मोठ्यानेच विचारलं, काका कसे आहेत? तो माझ्याकडे पाहत राहिला. "काका गेले ना," तो म्हणाला. "नव्या वर्षाच्या पाचव्या दिवशी. यंदा त्यांचं पहिलंच छिंगमिंग. तिकडूनच येतोय." आणि मग, बातमी सांगून झाल्यावर माणूस जसा कामाकडे वळतो तसा वळून त्याने विचारलं, छोटी बॅटरी घेऊ की मोठी?

मी त्याला कॉफीच्या टेबलापाशी बसवलं, पाच मिनिटांत आलो म्हणालो आणि लिफ्टने तळघरात जाऊन माझ्या गाडीत बसलो. दार लावलं की या गाडीत आवाज येत नाही, हे मी आजवर किमान चारशे लोकांना कौतुकाने सांगितलं असेल. आता त्या शांततेत बसून बोटं मोजू लागलो. चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली तेवीस तारीख, तिथून तीस, तिथून पाच. बारा दिवस. आधी वाटलं, बारा दिवस म्हणजे पुष्कळ झाले, बारा दिवसांत माणसाला काहीही होऊ शकतं. मग वाटलं, फुप्फुसांत थंडी बसली तर आठवडा-दोन आठवडेच लागतात, माझे वडीलही तेवढ्यातच गेले होते. पुन्हा मोजले. काही प्रश्नांची उत्तरं आपल्याला ठाऊक असतात, तरी आपण बोटं मोजत राहतो. समोरच्या काचेत माझं निळं जॅकेट दिसत होतं. पाठीवर कंपनीची हातभर मोठी खूण असते, ती बसल्यावर दिसत नाही. छातीवर डाव्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली दोन चिनी अक्षरं आहेत, नखाएवढी, म्हणजे 'गाडीमालक'. काचेत ती उलटी दिसत होती.

हे जॅकेट अंगावर आलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांच्या जोडांचे नकाशे काढून मला बावीस वर्षं झाली होती. वाईट नोकरी नव्हे. पण बावीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. साहेब वरून आकडे पाठवतात, मी रेघा मारतो, रेघा खाली जातात आणि जमिनीत पुरल्या जातात. घरी मुलगी आपल्या आईला विचारते, बायको आपल्या बहिणीला विचारते. मग गाडी घेतली. पांढरी, छोट्या बॅटरीची, परवडली तेवढी. महिनाभरात तिचं मला इतकं ज्ञान झालं की ते कुठेतरी सांडणं भागच होतं. गाडीमालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की शनिवार-रविवारी शोरूममध्ये गर्दी असते, हौशी मालकांनी येऊन मदत करावी, जॅकेट मिळेल. मी पहिल्या शनिवारी गेलो, आणि तिथे एका माणसाने, चांगल्या चष्मेवाल्या डॉक्टरसारख्या दिसणाऱ्या माणसाने, मला विचारलं की चढावर गाडी दमते का. मी बोललो. तो ऐकत होता. मान हलवत होता. पुढे त्याने कागद काढून लिहूनसुद्धा घेतलं. त्या दिवशी घरी जाताना मी गाणं म्हणत होतो असं बायको सांगते. यूझेन माझी बायको, तिची जीभ सरळ आहे. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाले," ती दर शनिवारी दारातून म्हणते. एकदा तिने विचारलं, कंपनी तुम्हाला पेन्शन देणार आहे का? मी म्हटलं, आम्हाला छत्री मिळते. आणि छत्री खरंच मिळाली होती, एकदा नव्हे, तीनदा. जॅकेटवर ती दोन अक्षरं कंपनीने मुद्दाम शिवलेली असतात, म्हणजे गोंधळ होऊ नये. पण लोक पाठ बघतात, छाती कोण वाचतं? पहिले काही दिवस मी प्रत्येकाला सांगायचो. पुढे सांगणं कमी झालं. मला कंपनीचा समजतात तेव्हा माझ्या शब्दाला वजन येतं, माझ्या मागे कारखाना, इंजिनियर, उंच इमारत उभी राहते, हे माझ्या लक्षात आलं होतं. निव्वळ ताओ ग्वोलियांगच्या मागे काय उभं आहे? नळांचे जोड.

बाओ मावशी आल्या त्या गेल्या शरदात, ऑस्मान्थसची झाडं फुलली होती, मॉलच्या दारापर्यंत वास येत होता. साठी ओलांडलेली बाई, आखूड पांढरे केस, हातात कापडी पिशवी. तिला पाहून सगळे विक्रेते दुसरीकडे बघू लागले, कारण अशी माणसं एसीची हवा खायला येतात असं त्यांचं मत. एकटी नी नावाची विक्रेती पुढे झाली. नी शिनलान, चार महिन्यांपूर्वी लागलेली पोर, अजून विजेचे साधे हिशेब तिला पाठ झाले नव्हते, स्वतः येत होती स्कूटरवर. ती मावशींना मोठ्या बॅटरीच्या गाडीपाशी घेऊन गेली आणि अर्धा तास काहीतरी समजावत राहिली. मी लांबून बघत होतो. मावशी ओठ आवळून ऐकत होत्या, मग एकदम पाठ फिरवून सरळ माझ्याकडे आल्या. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मावशींचा प्रश्न सोपा होता. नवरा खाणीत दगड फोडायचा, फुप्फुसं दगडाच्या धुळीने भरलेली, तीन आठवड्यांनी एकदा त्याला इथल्या मोठ्या दवाखान्यात आणायचं. बसमध्ये त्याला श्वास लागतो, भाड्याच्या गाडीवाले त्याच्या खोकल्यामुळे तोंड वाकडं करतात. तिने अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना काढला होता, तो तिने मला पिशवीतून काढून दाखवला. "घर ते दवाखाना एकशे पस्तीस किलोमीटर," ती म्हणाली. "जायचं आणि त्याच दिवशी यायचं. थंडीतसुद्धा. मध्ये कुठे थांबायला नको, त्याला उघड्यावर बसवत नाही. ही लहान गाडी पुरेल का मास्तर?"

मी म्हटलं, मावशी, मी स्वतः हीच गाडी चालवतो. गेल्या थंडीत, बर्फ पडत असताना, एका चार्जिंगमध्ये मी तीनशे चाळीस किलोमीटर काढले. आकडा खरा होता. त्या आकड्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, तोही दाखवला. फोटोत आकडा दिसतो. अंगात एकावर एक घातलेल्या दोन रजईच्या विजारी, लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड, आणि बंद असलेला हीटर फोटोत दिसत नाही. आमच्या ग्रुपमध्ये थंडीत हीटर लावणाऱ्याला चिडवतात. कोण किती कमी विजेत किती लांब गेला याची आमची चढाओढ असते, पाय बधिर झाले तरी चालेल पण आकडा वर गेला पाहिजे. यूझेन तर हिवाळ्यात माझ्या गाडीत बसतच नाही, मेट्रोने जाते. म्हणते, बर्फाच्या पेटीत बसून माहेरी जायला मी काय मासळी आहे? तर हे सगळं सांगायचं राहिलं. राहिलं असं मी म्हणतो. तेव्हा ते माझ्या मनात आलंच नव्हतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो, पण तळघरातल्या त्या शांततेत मला स्पष्ट आठवलं: आलं होतं. क्षणभर आलं होतं, आणि मला वाटलं होतं की आकड्याच्या मागे 'पण' लावला की आकडा लंगडा होतो. मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, असं सरळ सांगणारं माणूस पाहिजे. मग त्यांनी कागदावर माझा फोन नंबर लिहून घेतला आणि वर 'गाडीचे ताओ मास्तर' असं लिहिलं. ही बाई मला कंपनीचा माणूस समजतेय, हे मला तेव्हाच कळलं. खेड्यातली म्हातारी, तिला जॅकेट म्हणजे जॅकेट. बोललो नाही. त्या गेल्यावर नी माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पडला होता. "ताओ दादा, त्या मावशींना तुम्ही काय सांगितलंत?" तिने विचारलं. मी म्हटलं, जे खरं ते. आणि तिचं गिऱ्हाईक मी पळवलं म्हणून ती रुसली आहे असं धरून चाललो.

मावशींनी लहान गाडी घेतली, मग फोन येऊ लागले. चार्जिंगचं झाकण कुठून उघडतं, गाडीतली बाई सारखी बोलते तिला गप्प कसं करायचं, पावसात चार्ज केलं तर शॉक बसतो का. मी कचेरीत रेघा मारता मारता उत्तरं द्यायचो आणि शेजारच्या टेबलावरच्या लियांगला ऐकू जाईल असं बघायचो. मावशी प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायच्या, तुमच्या कामात व्यत्यय आणला. मला वाटायचं, आपण हिला सांगितलं पाहिजे की हे माझं काम नाही. मग वाटायचं, सांगितलं तर ती फोन करायची थांबेल. एकदा फोनमध्ये मागून काकांचा आवाज आला, खोकत खोकत म्हणत होते, मास्तरांना सांग, ही गाडी बैलापेक्षा गुणी आहे, शेण टाकत नाही. मी ते ग्रुपवर टाकलं. लोकांना फार आवडलं.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या तेविसाव्या दिवशी दुपारी साडेतीनला फोन आला. बाहेर बर्फ भुरभुरत होता, कचेरीच्या खिडकीवरचा थर्मामीटर शून्याखाली पाच दाखवत होता. मावशी महामार्गावरच्या थांब्यावरून बोलत होत्या. सकाळी येताना गाडीने अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त बॅटरी खाल्ली होती, आणि आता परतीच्या वाटेवर घर चौऱ्याऐंशी किलोमीटर असताना गाडी म्हणत होती, सदुसष्ट. थांब्यावर चार्जिंगची चार यंत्रं, आणि सणाला गावी निघालेल्या गाड्यांची रांग. पुढे तीस गाड्या होत्या. तीन तास, चार तास, कुणास ठाऊक. मागे काका खोकत होते. मला सांगितलं पाहिजे की त्या क्षणी माझ्या मनात भीती नव्हती, काळजीही नव्हती. मी उठून उभा राहिलो होतो. असा प्रश्न आयुष्यात एकदाच येतो आणि ज्याला त्याचं उत्तर येतं त्यालाच तो विचारला गेला होता. मी म्हटलं, मावशी, रांगेत थांबू नका. हीटर बंद करा, पूर्ण बंद. साठच्या वर जाऊ नका. एखादा मोठा ट्रक शोधून त्याच्या मागे, पण बेतात अंतर ठेवून चालवा, वारा लागणार नाही. पोचाल. मग तिने विचारलं, याला थंडी बाधणार नाही ना? मी म्हटलं, रजई आहे ना? गुंडाळा. दीड तासाचा तर प्रश्न आहे. शहरात गरम कचेरीत, हातात गरम पाण्याचा मग घेऊन, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा मी तिला दर पंधरा मिनिटांनी फोन करून आकडा विचारत होतो. लियांगसुद्धा खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसला होता. सव्वापाचला तिचा फोन आला: अंगणात पोचलो, तीन टक्के उरलेत. लियांगने माझ्या पाठीवर थाप मारली. काका कसे आहेत, हे मी विचारलं नाही. तीन टक्क्यांचा फोटो मागितला. तो संध्याकाळी ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, त्रेसष्ट वर्षांच्या मावशी, बर्फ, शून्याखाली पाच, हीटर बंद, रांगेवर मात. दोनशे लोकांनी अंगठे दिले. जेवताना मी यूझेनला सगळं रंगवून सांगितलं. ती कोबीची भाजी वाढत होती. म्हणाली, "रांगेतच बसू द्यायचं होतं त्यांना. गरम तरी राहिला असता म्हातारा." मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, कळत नाही, आणि भाजी माझ्या पुढ्यात ठेवून आत गेली.

पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी कुरियरने खोकं आलं. खारवून वाळवलेलं एक आख्खं बदक आणि जुन्या चहाचा पुडा, पाठवणाऱ्याचं नाव बाओ सुहे, म्हणजे मावशीच. चिठ्ठी नव्हती. मी ते बदक गॅलरीत टांगून त्याचाही फोटो काढला, तांदळावर ठेवून वाफवलं, चार दिवस पुरलं. त्यानंतर फोन येणं थांबलं. मी समजलो, बाई आता शिकली, तिला माझी गरज उरली नाही, शिष्य तयार झाला. आता कळत होतं की ते बदक तिने माणूस गेल्यावर नऊ दिवसांच्या आत पाठवलं होतं. घरात सुतकाचं पांढरं असताना तिने खोकं बांधलं, पत्ता लिहिला, गावातल्या दुकानापर्यंत चालत गेली आणि कंपनीच्या भल्या माणसाचे आभार मानले. मी तळघरात गाडीत बसून जॅकेटची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. आणि माझं मन किती लबाड असतं पाहा, त्याने तेवढ्यात माझ्यासाठी एक बेताचा गुन्हा शोधून आणला. माझी चूक कुठली? तर मी कंपनीचा नाही हे तिला सांगितलं नाही. ती कारखान्याच्या, इंजिनियरांच्या भरवशावर राहिली आणि तिथे होता नुसता हौशी माणूस. एवढं जाऊन तिला सांगायचं, पाया पडायचं. या गुन्ह्याला मूठ होती, तो उचलता येत होता. मी वर गेलो आणि त्या पुतण्याला म्हटलं, उद्या मला काकूंकडे घेऊन चल. बॅटरीचं तिथेच बोलू. नी शिनलानला विचारून तुझं नाव लिहून ठेवतो असं म्हणणार होतो, पण नी नव्हतीच. नव्या वर्षानंतर तिला काढलं होतं, तिच्याकडून विक्री होत नव्हती.

रविवारी सकाळी निघालो. पुतण्या शेजारी बसून हौसेने प्रश्न विचारत होता आणि मी हो-नाही करत होतो. त्याला वाटलं असेल, मास्तर गाडी चालवताना बोलत नाहीत. त्या थांब्यापाशी आलो तेव्हा चारही यंत्रं रिकामी होती, एका यंत्रावर एक पक्षी बसला होता. मी किलोमीटरचा आकडा पाहून ठेवला. तिथून चौऱ्याऐंशी. महामार्ग सोडल्यावर रस्ता डोंगरात चढू लागतो, एकीकडे बांबू, एकीकडे ओढा, आणि चढ संपतच नाही. सपाट रस्त्याचा हिशेब करून तिला साठने चालव म्हणणाऱ्या माणसाने हा चढ कधी पाहिला नव्हता. हवा छान होती, काचा उघड्या होत्या, पुतण्या म्हणाला, वास येतोय का, चहा भाजतायत. दीड तास किती मोठा असतो ते मी तेव्हा मोजलं. मागच्या सीटकडे आरशात पाहायचं मी टाळत होतो.

बाओ मावशी अंगणालगतच्या छपरात चुलीवरच्या तिरप्या कढईपाशी उभ्या होत्या. बाहीवर शोकाची काळी पट्टी टाचलेली. पांढरी गाडी अंगणाच्या टोकाला, फडक्याने नीट झाकलेली. चहाच्या दिवसांत कढई सोडून कुणी उठत नाही, पानं क्षणभर थांबली की करपतात, म्हणून त्यांनी मला नुसतं मानेने बसायला सांगितलं आणि हातातल्या बांबूच्या काड्यांच्या कुंच्याने पानं फिरवत राहिल्या. पुतण्याने मला स्टूल दिलं. भिंतीवर काकांचा फोटो होता, ओळखपत्रासाठी काढलेला असावा, बघणाऱ्याला चुकवून बाजूला पाहणारा. मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. म्हटलं, मावशी, मला काल कळलं. मला एक सांगायचंय, आधीच सांगायला हवं होतं. मी कंपनीचा माणूस नाही. मी तिथे नोकरीला नाही, कधी नव्हतो. मी पाण्याच्या कचेरीत नकाशे काढतो. तुम्ही मला कंपनीचा समजलात आणि मी समजू दिलं.

कुंचा फिरत होता. "मला माहीत होतं," मावशी म्हणाल्या. "तुमच्या छातीवर लिहिलं होतं. मला वाचता येतं, मास्तर."

त्या पानं उधळून, झेलून, पुन्हा फिरवत सावकाश सांगत राहिल्या. ती पोरगी होती ना, ती आधी म्हणाली होती की मावशी, थंडीत हीटर लावून ही लहान गाडी परत पोचायची नाही, मोठीच घ्या, नाहीतर घेऊच नका. मोठी महाग होती. मावशींना वाटलं, पगारी माणूस, तिला महागातलं खपवायचंय, म्हणून भीती घालतेय. तेवढ्यात त्यांना माझ्या छातीवरची अक्षरं दिसली. म्हटलं, हा आपल्यातला, याने स्वतः घेतलीय, याला खोटं बोलून काय मिळणार? "म्हणून तुमच्याकडे आले," त्या म्हणाल्या. "कंपनीचे असतात तर तुमचं ऐकलं नसतं. आणि असं झाल्यावर कंपनीचे असतात तर शोरूमच्या दारात फलक धरून बसले असते, गावातले चारजण मला तेच सांगत होते. पण आपल्या माणसाशी काय भांडायचं? तुम्हाला जमलं ते तुम्ही सांगितलंत. मला नाही जमलं. माझा हात नवा, डोंगराचा रस्ता. त्यात तुमचा काय दोष?" मग त्यांनी पुतण्याला हाक मारली. "जुनफेंग, विचार ना आता. मास्तर एवढ्या लांब आलेत. कोणती घ्यायची ते नीट विचारून घे."

पुतण्या स्टुलाजवळ येऊन उकिडवा बसला. तोच चेहरा, तीच मान हलवायची तयारी, ज्यासाठी मी तीन वर्षं शनिवार वाया घालवले होते. म्हणाला, काकूंनी सांगितलंय, तुम्ही लहान गाडीवर थंडीत तीनशे चाळीस काढलेत. ते कसं काढायचं तेवढं शिकवा, मग मी लहानच घेतो. मावशी माझ्याकडे पाहत नव्हत्या, पानांकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी राग नव्हता. मी इथूनच उठलो असतो तर चाललं असतं. चहा प्यालो असतो, पुडा घेऊन निघालो असतो, त्यांनी मला अंगणाच्या टोकापर्यंत पोचवलं असतं. माफी तर मिळालीच होती, मी मागायच्या आधीच त्यांनी ती मोकळ्या हाताने देऊन टाकली होती. फक्त ती दुसऱ्याच कुणाच्या नावावर होती. ज्याने जमलेलं सांगितलं अशा एका सरळ माणसाच्या.

"मी हीटर लावत नाही," मी म्हटलं. "तीनशे चाळीस हीटर बंद ठेवून काढले होते. दोन विजारी घालून, एकट्याने, सपाट रस्त्यावर. हीटर लावला तर माझीही गाडी तुमच्याएवढीच जाते, मावशी. त्या मुलीचा हिशेब बरोबर होता. मला तेव्हाही माहीत होतं."

कुंचा थांबला. पुतण्या माझ्याकडून काकूंकडे आणि काकूंकडून कढईकडे बघू लागला. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला, तो म्हणाला, काकू, पानं. त्यांनी ऐकलं नाही. धूर वर आला तेव्हा त्यांनी कुंच्याने सगळी पानं ओढून राखेत टाकली, ओल्या फडक्याने कढई पुसली, टोपलीतली नवी पानं घेतली नाहीत. चुलीतलं जळतं लाकूड त्यांनी बाहेर ओढलं आणि मातीत विझवलं. मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे मात्र मला माहीत नव्हतं," बाओ मावशी म्हणाल्या.